अर्जातल्या आत्याबाई

१

नसलेल्या माणसाची कागदावर नोंद करावी आणि पुढे त्या माणसाने त्या नोंदीला जागावे, अशा कथांचा एक लहानसा गट आहे. त्यातील सर्वाधिक पसरलेले रूप मजुरांमध्ये सांगितले जाते. मुकादम हजेरीपटावर एक खोटा मजूर चढवतो, त्याची मजुरी स्वतः उचलतो, आणि एका पगाराच्या दिवशी रांगेतल्या शेवटच्या मजुराच्या मागून आणखी एक हात पुढे येतो. दुसरे रूप वसतिगृहांमधले. व्यवस्थापक जास्त शिधा मिळावा म्हणून एक विद्यार्थी वाढवून दाखवतो. काही दिवसांनी स्वयंपाकीण कुरकुरू लागते की, मापाने रांधलेले अन्न रोज एका माणसाला कमी पडते आहे. होडीवाल्यांमध्येही एक रूप सापडते, पण ते तुटक आहे आणि बहुधा पहिल्यावरूनच बेतलेले असावे.

या सर्व रूपांत खोटी नोंद लोभापोटी होते. नोंद करणारा त्या माणसाला नाव देतो, आकडा देतो, त्यापलीकडे काहीच देत नाही. त्यामुळे जे येते त्याला चेहरा नसतो आणि ऐकणाऱ्याची भीतीही थोडक्यात आटोपते.

मी इथे मांडत असलेले रूप या दोन्ही बाबतींत वेगळे आहे. ही नोंद लोभापोटी झाली नाही. एक घर वाचवण्यासाठी झाली. आणि या माणसाला सवयी, दुखणे, स्वभाव असे सगळे व्यवस्थित दिले गेले. ते मी दिले.

२

माझ्या थोरल्या बहिणीचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. पुढच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कापड बेतायचे टेबल, कारण ताई पडदे शिवते. मग स्वयंपाकघर, मग निजायची खोली. तिथून एक अरुंद बोळ निघतो आणि मोरीवरून मागच्या खोलीपाशी संपतो. मागच्या खोलीत अस्तराच्या कापडाचे गठ्ठे आणि एक घडीचा लोखंडी पलंग होता. तिथे कोणी राहत नव्हते.

भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. एका इमारतीत काम करताना त्यांचा खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली आणि सात महिने घरी बसावे लागले. गृहकर्जाचे हप्ते थकले. बँकेचे आधी फोन आले, मग पत्रे, आणि शेवटी नोटीस: साठ दिवसांत थकबाकी भरा, अन्यथा घराचा ताबा घेऊन लिलाव केला जाईल. भावोजींनी ही सगळी पाकिटे न उघडता हत्यारांच्या पेटीत ठेवली होती. पाना शोधताना ताईच्या हाताला ती लागली, तोपर्यंत एक्केचाळीस दिवस उलटले होते. तिने मला बोलावून घेतले. आम्ही तिघे वसुली अधिकाऱ्यांकडे गेलो.

त्या पन्नाशीच्या बाई होत्या. चष्मा केसांत खोचलेला, आवाज शांत.

"नोटीस आली की सगळे पहिली चूक हीच करतात," त्या म्हणाल्या. "पाकीट उघडत नाहीत. पाकीट बंद ठेवलं म्हणून दिवस थांबतात का?"

"मला वाटलं, खांदा बरा झाला की एकदमच येऊन भरून टाकू," भावोजी म्हणाले.

"लिफ्ट मध्येच अडकली तर लोक आत बसून बटणं दाबत राहतात, की तुम्हाला फोन करतात?"

"दोन्ही," भावोजी म्हणाले. बाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

"घर घेऊन आम्ही काय करणार? रंग लावत बसू? आम्हाला हप्ते हवेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मार्ग सांगितले. कर्जाची मुदत वाढवून हप्ता लहान करून घेता येतो. ते जमत नसेल तर स्वतःच गिऱ्हाईक शोधून घर विकावे. लिलावापेक्षा भाव बरा मिळतो, कर्ज फिटते आणि वर चार पैसे उरतात. तेही नको असेल तर स्वतःहून किल्ल्या आणून द्याव्यात; घर जाते, पण दारात पंच उभे राहत नाहीत. आणि लिलाव पुरा होईपर्यंत थकबाकी भरून घर सोडवून घेण्याचा हक्क शाबूत असतो.

"विकायचं नाही," ताई म्हणाली. "किल्ल्याही द्यायच्या नाहीत. पहिलं काय ते नीट सांगा."

पहिल्याला मिळकत दाखवावी लागत होती आणि भावोजींचा खांदा अजून चार महिने मागत होता. बाईंनी छापील अर्ज उलटा केला आणि पेनाचे टोक अकराव्या रकान्यावर ठेवले. घरात अंथरुणाला खिळलेली वृद्ध व्यक्ती असल्यास ताब्याची कारवाई सहा महिने थांबवता येत होती.

"आहे का कोणी?"

"आहे," ताई म्हणाली. डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही.

३

"कोण आहे?" भावोजींनी घरी येताच विचारले.

"तुमची आत्या."

"अगं, मला आत्या नाही. बाबा एकुलते एक होते."

"नव्हती. आता आहे." ताईने अर्ज स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पसरला आणि माझ्याकडे पाहिले. "पंडित, बस. आयुष्यभर लोकांच्या गोष्टी गोळा केल्यास ना? आता एक घरासाठी कर."

मी आक्षेप घेतला नाही. सहा महिन्यांत भावोजी कामावर जाणार, ताईची कामे वाढणार, हप्ते सुरू होणार, कोणाचा पैसा बुडणार नाही, हा हिशेब मला स्वच्छ दिसत होता. अडचण एवढीच होती की, बँकेचा तपासनीस घर पाहायला येणार होता. खोटे बहुधा पातळपणामुळे पकडले जाते, हे मला ठाऊक होते. माणूस खरा वाटतो तो त्याच्या नावामुळे नव्हे, तर त्याच्या एखाददुसऱ्या निरुपयोगी सवयीमुळे.

"डावी बाजू गेलेली," मी सांगत गेलो आणि ताई लिहीत गेली. "उजेड सोसत नाही, म्हणून भिंतीकडे तोंड करून निजतात. तहान लागली की हाक मारत नाहीत. पलंगाच्या कठड्यावर पेला वाजवतात. तीनदा."

"तीनदाच का?"

"एकदा वाजला तर धक्का लागला असं वाटतं. दोनदा वाजला तर घाई वाटते. तीनदा म्हणजे रोजचं आहे."

"स्वभाव?" भावोजींनी विचारले. त्यांना आता गंमत वाटू लागली होती.

"मानी. उपकार घ्यायला आवडत नाहीत."

"म्हणजे आमच्याच घराण्यातल्या. वय काय घालताय?"

"एक्क्याऐंशी."

ताईने वय लिहिले, नावही लिहिले. ते नाव इथे देण्याचे कारण नाही.

मग आम्ही मागच्या खोलीतला पलंग मांडला. त्यावर अस्तराचे दोन गठ्ठे आडवे ठेवून वर चादर घातली, खाली जमिनीवर स्टीलचा पेला ठेवला. दारातून पाहिले तर कोणी भिंतीकडे वळून झोपले आहे असे वाटावे, इतपत काम झाले. तपासनीस आला की 'आत्ताच डोळा लागलाय' असे म्हणून दार ओढून घ्यायचे ठरले.

"डाव्या खांद्याला उतार दे थोडा," भावोजी दारातून म्हणाले. "गेलेली बाजू आहे ना ती."

मी वरचा गठ्ठा किंचित खाली दाबला.

४

तपासनीस भर दुपारी आला. इमारतीची लिफ्ट बंद होती, त्यामुळे तो तीन मजले चढून घामाघूम झाला होता.

"लिफ्टवाल्याच्याच इमारतीत लिफ्ट बंद?" त्याने विचारले.

"शिंप्याची स्वतःची पँट पाहिलीत कधी?" भावोजी म्हणाले. सगळे हसले, आणि त्या हसण्यातच आमची सगळी आखणी विस्कटली. तो हात धुवायला म्हणून उठला आणि बोळात गेला. ताई चहा गाळत होती. भावोजी खांद्याच्या शस्त्रक्रियेचे कागद शोधत होते. मी त्याच्या मागे जायला हवे होते; पण लगबग केली तर संशय येईल, असा विचार करून मी जागेवरच बसलो.

पाच-सात मिनिटांनी तो हात पुसत परत आला. चहा घेतला, काहीतरी लिहिले, सह्या घेतल्या. निघताना दारात थांबून ताईला म्हणाला, "दार थोडं उघडं ठेवत जा त्यांचं. एकट्या असतात दिवसभर."

ताईने मान डोलावली. तो जिना उतरेपर्यंत आम्ही तोंड दाबून बसलो होतो. माझे अनुमान सरळ होते. त्याने कापडाचे गठ्ठे पाहिले, सगळे ओळखले, आणि भला माणूस म्हणून सोडून दिले. जाता जाता एक टोमणा मारला, इतकेच.

दहा दिवसांनी मंजुरीचे पत्र आले. सोबत तपासणी अहवालाची प्रत होती. ती मी मोठ्याने वाचली.

"रुग्णाची प्रत्यक्ष भेट घेतली. अर्जात वय ८१ नमूद आहे. रुग्णाच्या सांगण्यानुसार वय ८४. तशी दुरुस्ती केली."

भावोजी इतके हसले की त्यांना खांदा धरून बसावे लागले. "टोमणा नाही हा, पंडित! कलाकार निघाला! तुझ्यापेक्षा तीन वर्षं जास्तच घातली त्यानं."

"दिवसाला चार घरं बघतात ही माणसं," मी म्हणालो. "कुठल्या तरी दुसऱ्या म्हातारीचं वय इथे चिकटलं."

हे स्पष्टीकरण मला तेव्हा पुरेसे वाटले. अजूनही त्यात तार्किक दोष दाखवता येत नाही.

५

पुढचे चार महिने चांगले गेले. नवी मिळकत दाखवून कर्जाची मुदत वाढवून घेतली आणि हप्ता निम्म्यावर आला. ताईला एका हॉटेलचे साठ पडदे शिवायचे काम मिळाले. भावोजी हलक्या कामावर रुजू झाले. प्रत्येक पाच तारखेला हप्ता भरला जात होता आणि थकबाकीचा डोंगर दर महिन्याला हातभर उतरत होता. घर वाचणार याविषयी माझ्या मनात शंका उरली नव्हती.

पाचव्या महिन्यात वसुली अधिकारीबाईंचा ताईला फोन आला. मी तिथेच होतो. त्यांचा आवाज फोनमधून स्पष्ट ऐकू येत होता.

"काल दुपारी तुमच्याकडून जात होते म्हणून डोकावले. तुम्ही दोघं बाहेर होतात."

"हो, हॉटेलात पडदे लावायला गेलो होतो."

"काही हरकत नाही. आत्याबाईंनी आतून सांगितलं, सहानंतर या म्हणून. आवाज खणखणीत आहे हो त्यांचा."

ताईने 'हो' म्हटले, फोन ठेवला आणि पुन्हा मशीनवर बसली. दार बाहेरून कुलूपबंद होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. मीच त्या दिवशी शेजारी किल्ली ठेवून गेलो होतो.

शेजारी निवृत्त बसवाहक एकटे राहतात. त्यांचा आवाज कोणी बाईचा समजणे अशक्य आहे. त्यांच्याकडे टीव्ही नाही. रेडिओ आहे, पण त्यावर 'सहानंतर या' असे कोण कशाला म्हणेल? तरीही मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "मला काय विचारता? तुमच्या आजी रोज दुपारी बोलतात की. मी म्हटलं, कुणाशी फोनवर बोलत असतील."

एका रविवारी ताई आणि भावोजी बाजारात गेले असता मी मुद्दाम एकटा त्या घरात थांबलो. दुपारचे तीन वाजले होते. बेतायच्या टेबलावर पडद्याचे निळे कापड पसरले होते आणि खिडकीतून येणारे ऊन त्याच्यावर पडले होते. मी वाचत बसलो. पाऊण तास काहीच झाले नाही. मग बोळाच्या टोकाकडून धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला. एक. दोन. तीन. मग शांतता. मग पुन्हा तीन.

मी उठलो नाही. नळाच्या पाइपात दाब बदलला की असे होते, हे मी स्वतःला समजावले आणि भावोजी आल्यावर त्यांना सांगितले. ते यंत्रातले माणूस. त्यांनी मुख्य झडप बंद करून पाइप रिकामे केले आणि आम्ही तिघे पुढच्या खोलीत बसून राहिलो. वीस मिनिटांनी आवाज आला. तीनदा.

"पाणी ठोकतं पाइपात, मान्य," भावोजी हळू आवाजात म्हणाले. "पण पंडित, पाइपाला तीनच मोजता येत नाहीत."

ताई उठली. तिने माठातून तांब्या भरला आणि बोळात गेली. आम्ही एकमेकांकडे पाहत बसलो. ती रिकामा तांब्या घेऊन परत आली आणि दोऱ्याचे रीळ बदलू लागली.

६

त्यानंतर ताईच्या वागण्यातला बदल मी लक्षपूर्वक पाहिला. तो इतका साधा होता की, बाहेरच्या माणसाच्या ध्यानात आला नसता. ती घरात हळू चालू लागली. शिवणयंत्र दुपारी दोन ते चार बंद ठेवू लागली. हॉटेलच्या पडद्यांतून उरलेल्या जाड, काळपट कापडाचा एक पडदा तिने मागच्या खोलीच्या खिडकीच्या मापाने शिवला.

"तो कशाला?" मी विचारले.

"उजेड लागतो."

"कोणाला?"

ताईने टाका संपवला, दोरा दाताने तोडला आणि कापडाची घडी केली. 

आता हे थांबवायला हवे, असे मी ठरवले. या गोष्टीच्या सगळ्या रूपांत एक चूक समान आहे: खोटी नोंद करणारा ती मागे घेत नाही. मजुराला कामावरून काढल्याचे लिहिले जात नाही. विद्यार्थ्याने वसतिगृह सोडल्याचे लिहिले जात नाही. म्हणून मी बँकेसाठी दोन ओळींचे पत्र तयार केले. अर्जात नमूद केलेल्या वृद्ध महिलेचे निधन झाले आहे, कृपया नोंद घ्यावी. तसेही आता सहा महिन्यांतले थोडेच दिवस उरले होते आणि हप्ते सुरळीत होते. सवलत गेली तरी घर जाणार नव्हते. भावोजींना पत्र पटले. सहीसाठी ते ताईपुढे ठेवले.

तिने वाचले आणि माझ्याकडे असे पाहिले की, मला लहानपणी तिच्या हातचा मार खाल्ल्याची आठवण झाली.

"जिवंत माणसाबद्दल असं लिहितोस?"

"ताई, ती आपणच लिहिलेली..."

"हळू बोल."

"आपणच तयार केली. मी. इथे, या ओट्यावर."

"मग?" ताई म्हणाली. आवाज शांत होता; त्यात भीतीचा लवलेश नव्हता. "बँक दारात उभी होती तेव्हा कोण आडवं आलं? तू आलास? हे आले? यांनी पाकिटं लपवली. त्या आल्या. काम झालं म्हणून आता मारून टाकू?"

"अगं, विकून टाकू हे घर," भावोजी म्हणाले. "चांगला भाव येईल. कर्ज फेडू. दोन खोल्यांत राहू, पण दोघंच राहू."

"विकायचं नाही," ताई म्हणाली. पत्र फाडून तिने तुकडे पडद्यांच्या चिंध्यांत टाकले.

७

भावोजींनी मात्र घर विकायचे मनावर घेतले. ताई हॉटेलात पडदे बसवायला गेली असताना त्यांनी एक जोडपे घर पाहायला बोलावले आणि मला सोबतीला थांबवले. नवरा भिंती ठोकून पाहत होता, बायको खोल्या मोजत होती. त्यांना घर आवडले होते. भाव जवळपास ठरला. बायको एकटीच बोळाकडे गेली. मी 'तिकडे अडगळ आहे' म्हणालो, पण ती पुढे गेली होती.

ती परत आली तेव्हा ओशाळलेली दिसत होती.

"तुम्ही आधी सांगायला हवं होतं," ती भावोजींना म्हणाली. "त्या म्हणतात, विकायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढून आम्हाला घर नको." आणि नवऱ्याचा दंड धरून ती त्याला घेऊन गेली.

भावोजी टेबलाला टेकून उभे राहिले. ही बाई बँकेची नव्हती. आधीचा अहवाल तिने वाचला नव्हता. आमच्यावर दया करण्याचे तिला काही कारण नव्हते. माझी आजवरची सगळी स्पष्टीकरणे तिच्यापाशी येऊन थांबत होती. उरला एकच मार्ग, जो मी पहिल्याच दिवशी धरायला हवा होता. मी जाऊन पाहायचे ठरवले.

बोळ बारा पावलांचा आहे. मोरीच्या दारापुढे फरशी ओली होती. मागच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. ताई आता ते तसेच ठेवत असे. काळ्या पडद्यामुळे आत दुपारचा प्रकाश तपकिरी झाला होता. सर्वप्रथम मला अस्तराचे दोन गठ्ठे दिसले. ते कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभे केलेले होते, आणि त्यांच्या वरच्या कडेवर बोटाने रेघ ओढता येईल इतकी धूळ होती.

मग पलंग दिसला. चादर भिंतीकडे वळलेली. डाव्या खांद्याला उतार. मी दाबला होता तेवढाच.

चादरीतून एक हात बाहेर होता. म्हातारा, शिरा आलेला, स्वच्छ. त्याने पेला धरला होता आणि तो पेला जमिनीवर ठेवला जात होता. अतिशय सावकाश. आधी करंगळी फरशीला टेकली, मग तिच्या आधाराने पेल्याची कड, मग तळ. घरात पाहुणे असताना आवाज होऊ नये म्हणून समजूतदार माणूस ठेवतो तसा. पेला टेकल्यावर बोटे एकेक करून सुटली आणि हात चादरीखाली गेला.

मी चेहरा पाहिला नाही. चेहरा भिंतीकडे होता, आणि त्यांना उजेड सोसत नाही हे मीच लिहून दिले होते. मी दार होते तसे ठेवले आणि बारा पावले परत आलो.

संध्याकाळी मी ताईला फक्त गठ्ठ्यांबद्दल विचारले.

"मीच काढले," ती म्हणाली. "त्यांना टोचत होते."

८

भावोजींनी घर विकण्याचे पुन्हा नाव काढले नाही. ते जास्तीची कामे घेऊ लागले आणि जेवायला बसताना बोळाकडे पाठ करून बसू लागले. मी दर रविवारी जात राहिलो. भीतीपेक्षा बहिणीला एकटे न सोडण्याची इच्छा मोठी होती, आणि खरे सांगायचे तर त्या घराची घडी उत्तम बसली होती. ताईने आणखी एका हॉटेलचे काम धरले. तिचे अंग भरले, कपाळावरची आठी गेली. ती दुपारी बोळात जाऊन तास तासभर बसे. आतून दोन आवाज येत. एक तिचा. दुसऱ्याचे शब्द मला कधी लागले नाहीत; पण ताई मधूनच हसत असे, आणि ते हसणे कोणाला बरे वाटावे म्हणून हसलेले नसे.

सातव्या महिन्याच्या शेवटी बँकेचे पाकीट आले. ताईने ते उघडले नाही. मी येईपर्यंत टेबलावर ठेवले. भावोजी खुर्चीवर पुढे सरकून बसले.

"वाच," ताई म्हणाली. "मोठ्याने वाच. आत ऐकू गेलं पाहिजे."

मी वाचले. संपूर्ण थकबाकी भरली गेल्यामुळे कर्जखाते नियमित झाले आहे. घराचा ताबा घेण्याची कारवाई कायमची मागे घेण्यात येत आहे.

भावोजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्यांचे खांदे हलत होते. बरा झालेलाही हलत होता. ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिचे डोळे कोरडे होते. "म्हटलं होतं ना, विकायचं नाही," ती म्हणाली.

"अजून एक ओळ आहे," मी म्हणालो. ती मी आधी मनात वाचली होती आणि मला हायसे वाटले होते. जे पत्र ताईने फाडले, त्याचे काम बँकेने आपण होऊन केले होते. मी ती ओळही मोठ्याने वाचली.

"अकराव्या रकान्यातील सवलतीची मुदत संपली असून, कारवाई मागे घेतल्याने आपल्या घरातील व्यक्तीची अंथरुणाला खिळलेली रुग्ण म्हणून केलेली नोंद आजपासून रद्द करण्यात आली आहे."

मी कागदाची घडी घातली.  खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचे शटर ओढत होते.

मग मागच्या खोलीत पलंग करकरला. वजन कुशीवरून उठावे तसा, लांबलचक. पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकल्या आणि बोळाच्या टोकाशी संध्याकाळचा पिवळा उजेड पडला. एक पाऊल फरशीवर आले. त्यापाठोपाठ दुसरे आले, सरपटत नव्हे, उचलून ठेवलेले. भावोजी उठून बाहेरच्या दाराकडे गेले, पण कडीला हात लावून तिथेच थांबले. पावले मोरीवरून पुढे आली. मी मोजत होतो, हे मला नऊ झाल्यावर कळले.

ताईने टेबलावरचे कापड आवरले, केस कानामागे घेतले आणि माझ्याकडे वळली.

"खुर्ची सरकव जरा," ती म्हणाली. "त्यांना यायला जागा कर."

मी खुर्ची सरकवली.